कोलिस्टिन बंद, पण खाद्याच्या पोत्यात काय आहे?

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळतो. देवाचा नैवेद्य पुरणपोळीचा. पण डोंगर उतरून कोल्हापुरात आले की तांबडा-पांढरा रस्सा असतोच, आणि मटण परवडत नाही तेथे बॉयलर कोंबडी येते. चिकन विक्रीच्या धंद्यात आपले बांधव पुष्कळ आहेत. म्हणून कोलिस्टिन या औषधाची हकीकत या पानावर देत आहोत.

कोलिस्टिन हे पेप्टाइड जातीचे प्रतिजैविक. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मातीतील जिवाणूपासून ते मिळाले. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाला चिकटून ते आवरणच फोडते. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून १९७० च्या दशकात डॉक्टरांनी ते मागे टाकले. पुढे क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारखे जिवाणू इतर औषधांना दाद देईनात, तेव्हा अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून तेच पुन्हा हाती घ्यावे लागले.

इकडे पोल्ट्रीत ते पाण्यातून आणि खाद्यातून सर्रास दिले जाई. पोटात दिलेले कोलिस्टिन रक्तात फारसे जात नाही, आतड्यातच राहते. त्यामुळे ई-कोलायची मरतुक कमी होते. मात्र आजार नसतानाही निव्वळ वजन वाढावे म्हणून थोडे थोडे देत राहिले, की जिवाणू त्याला सरावतात. २०१५ मध्ये चीनमध्ये एमसीआर-१ हे जनुक सापडले. ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते, ही खरी धास्ती. चांगले शिजवल्यावर जिवाणू मरतात. पण सुरी, ओंडका, धुण्याचे पाणी आणि उसात पडणारे कोंबडखत यांचे काय?

जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ अ खाली अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण बंद केले. माणसांच्या उपचारासाठी ते चालू आहे.

आमच्या मते बंदी योग्यच होती. पण भार कोणावर पडतो? करारावरच्या पोल्ट्रीत पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची. पोत्यात काय मिसळले आहे हे त्याला कोणी सांगत नाही आणि मरतुक वाढली की मोबदला मात्र त्याचाच कापला जातो. हा व्यवहार आम्हाला सरळ वाटत नाही.

औषधाची कसर भरून काढायची तर पाणी क्लोरीनने शुद्ध करावे, तूस कोरडे ठेवावे, लस वेळेवर द्यावी आणि दोन लॉटच्या मध्ये शेड रिकामी ठेवून धुवावी. विशेषतः पावसाळ्यात विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. ई-कोलाय तेथूनही शिरू शकतो. खाद्याच्या प्रत्येक पोत्याचे लेबल आणि औषधाचे बिल जपून ठेवावे.

दुकानदार बांधवांनीही माल उचलताना पुरवठादाराला औषधाबद्दल विचारावे. हलालबरोबर तय्यबही पाहावे, असे आपण गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाइकाने उलट विचारले तर दाखवायला निदान एक कागद हवा.