संदेशाची मांडणी

संदेश लहान असो वा मोठा, लिहिणाऱ्याच्या मनातील अर्थ वाचणाऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचला पाहिजे. इ. स. १७७३ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यांना ‘धरावे’ असा मूळ हुकूम होता. त्यातील ‘ध’चा ‘मा’ करण्यात आला, अशी आख्यायिका आहे. आज आपले कितीतरी संदेश संगणक लिहितो. तेथे असा अनर्थ होऊ नये म्हणून काय करतात, ते पाहू.

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील वाघोली हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेथील अनेक गृहसंकुलांत टँकरने पाणी आणावे लागते. समजा, अशा एका संकुलाच्या फलकावर संगणकाने पुढील सूचना लिहावयाची आहे:

पाणीपुरवठा सूचना
गुरुवारी पाणी येणार नाही.
    टँकर सकाळी सात वाजता येईल.
बुधवारी पाणी साठवून ठेवा.

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्या क्रमाने लिहितात, त्या लेखनास आज्ञावली म्हणतात. आज्ञावली सुबक दिसावी म्हणून तिच्या ओळी डावीकडे जागा सोडून लिहितात. तीत ही सूचना लिहिली की तीच मोकळी जागा सूचनेतही शिरते. समजा, तीन ओळींपूर्वी आठ-आठ आणि टँकरच्या ओळीपूर्वी बारा जागा सुटल्या. ही जागा प्रत्येक संदेशातून हाताने काढीत बसणे कंटाळवाणे. शिवाय त्यात चुकाही होतात. म्हणून हे काम एका साहाय्यक फंक्शनकडे सोपवितात. फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेला आणि हवा तेव्हा बोलावता येणारा आज्ञांचा लहानसा समूह होय.

हे फंक्शन प्रथम सर्व ओळींत समान असलेली मोकळी जागा मोजते. येथे ती आठ आहे. तेवढीच जागा ते प्रत्येक ओळीतून वजा करते. त्यामुळे टँकरच्या ओळीपूर्वीची चार जागांची मुद्दाम सोडलेली जागा कायम राहते. संदेशात एखादी संपूर्ण रिकामी ओळ असेल, तर ती मोजणीत धरावयाची नाही. नाहीतर समान जागा शून्य ठरेल. पायथॉन या संगणकभाषेत असे तयार फंक्शन २००३ पासून मिळते.

आता फलकाची रुंदी पाहू. समजा, एका ओळीत वीसच जागा आहेत. युनिकोड या संकेतपद्धतीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांना स्वतंत्र संकेत आहेत. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या लेखी त्यात दहा संकेत असतात. फंक्शनने केवळ संकेत मोजून विसाव्या संकेतापाशी ओळ तोडली आणि उरलेला भाग टाकून दिला, तर फलकावर काय उमटेल? ‘गुरुवारी पाणी येणार’! ‘नाही’ गळाले आणि अर्थ उलटा झाला. घरोघरची भांडी रिकामीच राहतील. वास्तविक डोळ्यांना दिसणारी अक्षरे, रिकाम्या जागा आणि पूर्णविराम मिळून ती ओळ पंधराच जागांची आहे; ती फलकावर सहज मावली असती.

म्हणून उत्तम साहाय्यक फंक्शन दिसणारी अक्षरे मोजते, ओळ शब्दाच्या शेवटीच तोडते आणि न मावलेला शब्द टाकून न देता पुढच्या ओळीत नेते. त्यात दोष आढळला, तर तो एकाच ठिकाणी सुधारला की सर्व संदेश सुधारतात.

मांडणी करणाऱ्याने जागा बदलावी, ओळ बदलावी; अर्थाला मात्र हात लावू नये. हा नियम संगणकाला जितका लागू आहे, तितकाच निरोप सांगणाऱ्या माणसालाही लागू आहे.