किनारा राखावा आणि किनाऱ्यावर जगावे

आपल्या घोडनदीचे पाणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. कोकणच्या समुद्राशी शिरूरचा पाण्याचा संबंध नाही. संबंध आहे तो सुट्टीचा. रांजणगावच्या कारखान्यातील कामगार असो, शिक्षक असो की दुकानदार असो, चार दिवस मोकळे मिळाले की तो घाट उतरून समुद्र गाठतो. सुट्टी ही कामगाराने झगडून मिळवलेली वस्तू आहे. ती समुद्रकाठी घालवू नये, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. मात्र आपल्या विसाव्यापायी दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो काय आणि मुक्या जिवांचे घर मोडते काय, हे पाहणे आपले काम आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात वेळास हे नाना फडणविसांचे गाव आहे. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. एकेका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात. मादी खड्डा बुजवून समुद्रात निघून जाते आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले आपली आपण बाहेर येतात. पूर्वी ही अंडी माणसे खाण्यासाठी व विकण्यासाठी काढीत. उरलेली कोल्हीकुत्री उकरीत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने कासवास संरक्षण दिले खरे, पण कायदा काही रात्री वाळूवर पहारा करावयास येत नाही. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी कुंपणात सुरक्षित ठेवण्याचे काम आरंभिले. 2006 पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, घरचे जेवण जेवतात आणि पैसा गावात राहतो. अंडे एकदाच विकता येते. कासव जगले तर पाहुणा दरवर्षी येतो. हा हिशेब घराघरांत पटला, म्हणून पहारा टिकला.

पाहुण्यांना तेथे काही नियम पाळावे लागतात आणि त्यांना कारण आहे. अंड्यातून निघालेले पिलू उजेडाच्या रोखाने जाते. रात्री समुद्रावरचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्यावरून त्याला वाट कळते. विजेरी किंवा मोटारीचा दिवा दिसला की ते उलट वाट धरते आणि मरते. वाळूवर गाडी घातली तर वाळू घट्ट दबते व पिलास वर येता येत नाही.

आता मालवणकडे पाहू. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे 29 चौरस किलोमीटरचा भाग शासनाने 1987 साली सागरी अभयारण्य ठरविला. मच्छीमारांनी विरोध केला. जाळे टाकण्याचा पिढीजात हक्क जाईल, ही त्यांची धास्ती होती आणि ती पोटाची होती. पुढे पाण्याखालचे प्रवाळ पाहण्यासाठी पाहुण्यांची रीघ लागली. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. बारीक जिवांनी वर्षानुवर्षे रचलेली ती वस्ती आहे. नांगर टाकला किंवा पाय ठेवला की ती क्षणात मोडते. मासळीची पिले तेथे आसरा घेतात. तेव्हा प्रवाळ मोडले तर नुकसान मच्छीमाराचेच.

मर्यादा वेळीच घातली नाही तर काय होते? थायलंडमधील एका लहान बेटावरचा माया बे हा किनारा गर्दीमुळे 2018 मध्ये बंद करावा लागला, तो 2022 मध्ये उघडला. फिलिपाईन्सचे बोराकाय बेटही 2018 मध्ये सहा महिने बंद होते. असे कुलूप लागते तेव्हा पाहुणा दुसरीकडे जातो. मजुरी बुडते ती नावाड्याची आणि खानावळीतील पोऱ्याची. म्हणून संख्येची मर्यादा ही कष्टकऱ्याच्या विरोधात नसून त्याच्या बाजूची आहे, असे आमचे मत आहे. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून यांत्रिक होड्या बंद ठेवण्याची रीत कोळ्यांना ठाऊक आहेच.

याला नमुनाही कोकणातच आहे. रापणीत सारे मिळून जाळे ओढतात आणि मासळीचे वाटे पडतात. पाहुण्यांच्या पैशाचेही असेच वाटे पडले पाहिजेत. दिवसाला किती पाहुणे घ्यावयाचे, हे शास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन गावाने ठरवावे. नियम मोडणाऱ्या होडीला गावानेच अडवावे. पैसा बाहेरच्या भांडवलवाल्याच्या खिशात आणि कचरा गावाच्या वाळूवर, अशी वाटणी असेल तर किनारा कोण राखील?

आपल्या तालुक्यातील मोराची चिंचोली असो की खाली भिगवणचे रोहित पक्षी असोत, हिशेब हाच आहे. उद्या कोकणात जाल तेव्हा गावकऱ्याच्या घरी उतरा, रात्री दिवा विझवा, आणि होडीवाल्याने 'आज जागा नाही' म्हटले तर हुज्जत घालू नका. तो त्याची उद्याची भाकरी राखीत असतो.