एकाच टोमॅटोची बारा तऱ्हेची पोरं

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेटमधला प्रत्येक टोमॅटो शेजारच्याचा जुळा भाऊ वाटतो. तोच आकार, तोच रंग. गेल्या जूनमध्ये त्यातले दोन-चार मी घरी आणले, बी काढून वाळवलं आणि परसात लावलं. म्हटलं, रोपवाटिकेला कशाला पैसे द्या!

बारा झाडं जगली. एक जेमतेम गुडघ्याएवढं, एक माझ्या डोक्याच्या वर. कुणाची फळं गोल, कुणाची अंड्यासारखी. आजी आली, बघितलं आणि म्हणाली, "बी भेसळीचं हाय रं."

आजी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, आंबेगाव तालुक्यातली. दरवर्षी कापणीआधी भातखाचरात फिरून भरदार लोंब्या निवडते, त्यांचंच बी ठेवते. भाताचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून लेक आईसारखीच निघते. माझ्या टोमॅटोचं तसं नव्हतं. तो संकरित, म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांचं पोर. पहिली पिढी एकसारखी येते, पण तिच्या बियांत आई-बापाचे गुण पत्त्यांसारखे पिसले जातात. मेंडेलने हे वाटाण्यावर मोजून १८६६ मध्ये छापलं. दहावीला आपण ३:१ पाठ केलं आणि विसरलो.

आमच्याकडे कापूस नाही, पण हाच पिसारा विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याला महागात पडलाय. व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस, 'एच-४', सुरतेला सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये आणला. २००२ मध्ये बीटी आलं, तेही संकरित वाणांतच. अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटी कापूस सरळ वाणांचा असतो, बी पुढच्या वर्षी तसंच उगवतं. आपल्याकडे दरवर्षी नवीन पाकीट.

पण पाकिटापेक्षा मोठी गोम बोंडात आहे. झाड पहिल्या पिढीचं, पण बोंडातली सरकी दुसऱ्या पिढीची! बीटीची दोन्ही जनुकं एकाच पालकाकडून आली असतील, तर सरासरी सोळातल्या एका सरकीत दोन्ही नसतात, सहांमध्ये एकच असतं. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. अर्धवट विष सोसणाऱ्या अळ्या जगतात आणि त्यांचीच पिढी वाढते. म्हणजे निवड तिथेही चालू, फक्त अळ्यांची. २०१७ मध्ये विदर्भात बोंडअळीने हाहाकार केला, त्यामागच्या कारणांत शास्त्रज्ञ हेही मोजतात. फरदड घेणं आणि बांधाला बिगर-बीटी ओळी न लावणं ही आणखी दोन. सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणाऱ्यांनी आधी एक बोंड फोडून बघावं.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सरळ वाणांवर काम केलंय. २००१ च्या कायद्याने बी राखायचा, पेरायचा, वाटायचा हक्कही शेतकऱ्याला आहे. पण संकरिताचं बी राखून करायचं काय?

करता येतं, वेळ लागतो. आवडलेल्या एकेका झाडाचं बी वेगळं लावायचं, त्यातून पुन्हा निवडायचं. सहा ते आठ पिढ्यांनी वाण स्थिर होतो. मी तीन पुड्या बांधल्यात : झाड ३, ७ आणि ११. आजीने सातची पुडी लगेच बाजूला काढली. तिला ते झाड पहिल्यापासून आळशी वाटत होतं.