खोड आणि पुडी

माझे वडील वाड्यावर तबला वाजवीत, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्यांचा एक नियम होता : पुडी मोठी मिळाली म्हणून खोड तासावयाचे नाही, खोडाच्या मापाची पुडी मागवावयाची. हा नियम मला गेल्या उन्हाळ्यात जर्मनीत एका मोटारीच्या इंजिनासमोर आठवला, याचे वाचकांस नवल वाटेल.

माझा एक जुना विद्यार्थी स्टुटगार्टजवळ नोकरीस आहे. तेथील मुलांना गाणे शिकविण्यासाठी मी महिनाभर त्याच्याकडे राहिलो. त्याने पोटाला चिमटा घेऊन १९७२ सालची पोर्शे ९११ टी घेतली आहे. मी गेलो तेव्हा तिचे इंजिन खोलून पडले होते. सिलिंडर सहा, तीन एका अंगास, तीन दुसऱ्या. हे इंजिन पाण्याने नव्हे, हवेने थंड होते. म्हणून प्रत्येक सिलिंडर सुटा असतो व बदलता येतो. दोहोंत खोल ओरखडे पडले होते. तेव्हा नवे पिस्टन व सिलिंडर कोणते घ्यावेत, हा प्रश्न होता.

मूळ सिलिंडरचा व्यास ८४ मि.मी. आणि पिस्टनची धाव ७०.४ मि.मी.; एकूण २३४१ घन सें.मी. पण इतर कारखान्यांचे ९० मि.मी.चे संचही मिळतात. ते घातले की तेच इंजिन २६८७चे होते. पोर्शेने स्वतः १९७३च्या कॅरेरा आर.एस.मध्ये हेच माप वापरले होते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून लोखंडी अस्तर न देता निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर चढविला, त्यास निकासिल म्हणतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत मोठा व्यास साधला. पोरगा त्यावर लुब्ध झाला होता. खरे सांगतो, मीही त्याला ‘घे’ म्हणालो.

शेजारी एक वृद्ध कारागीर राहत. त्यांनी मोठा सिलिंडर क्रँककेसवर नुसता टेकवून दाखविला. त्याचा पाया भोकात उतरेना. भोक ९२ मि.मी.चे, ते कापून ९७चे करावे लागणार. ही क्रँककेस मॅग्नेशियमची असते, आणि पुढील काळातील २.७ लिटरच्या इंजिनांत तापून तापून सिलिंडरचे लांब स्टड तिच्यातून उपटून आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. शिवाय इंजिनाचा मूळ क्रमांक तिच्यावरच. एकदा कापलेले परत भरून येत नाही.

मग बाकीचा विचार सुरू झाला. घडीव पिस्टनच्या मिश्रधातूत सिलिकॉन कमी असेल तर तो तापल्यावर अधिक फुगतो. म्हणून सिलिंडरात फट जास्त ठेवावी लागते, आणि इंजिन थंड असता तो टकटक करतो. पिस्टनचा माथा फार उंच घेतला तर दाब वाढतो. एकाच स्पार्क प्लगवर चालणाऱ्या या इंजिनात साधारण साडेनवाच्या वर गेल्यास पंपावरचे पेट्रोल अवेळी भडकण्याचे भय. मूळ सिलिंडरांवर ५ किंवा ६ असा आकडा असतो, तो उंचीचा गट. एका अंगाचे तिन्ही सिलिंडर एकाच गटाचे हवेत, कारण तिघांच्या माथ्यावर कॅमशाफ्टची एकच पेटी बसते. उंची कमीजास्त झाली की पेटी वाकडी बसते.

अखेर त्याने ८४चाच संच मागविला. पिस्टन जास्त सिलिकॉनचे, कमी फटीचे, सहाही वजनास सारखे. हौस म्हणून दाब तेवढा साडेसातावरून साडेआठावर नेला. त्या साली ९११ एस.मध्ये तो तेवढाच असे.

निघण्याच्या आदल्या दिवशी इंजिन सुरू झाले. मी टकटक ऐकू येते का म्हणून कान लावून उभा होतो. ती आली नाही. क्रँककेस अखंड होती, क्रमांक जागच्या जागी होता.

मी ‘घे’ म्हणालो होतो ही गोष्ट, वडील हयात असते तर, मी त्यांना सांगितली नसती.