मास्ट खाली बसतो, दोष सिलिंडरला लागतो

भिवंडीच्या गोदामांत काय किंवा चाकणच्या कारखान्यांत काय, फोर्कलिफ्टची दुरुस्ती बहुधा एकाच वाक्याने सुरू होते: "सिलिंडर पासिंग मारतोय, सील किट मागवा." उचललेला माल हळूहळू खाली सरकताना ऑपरेटरने पाहिलेला असतो, आणि मास्टवर डोळ्यांत भरणारा हायड्रॉलिकचा भाग म्हणजे सिलिंडरच. किट येतं, गाडी दिवसभर उभी राहते, सिलिंडर उघडून पुन्हा बसतो आणि संध्याकाळी माल पहिल्यासारखाच खाली येऊ लागतो. मास्टबद्दल असे बरेच समज कामगारांत, मालकांत आणि मेकॅनिकांतही घट्ट रुजले आहेत. काहींमुळे पैसे वाया जातात, काही जिवावर बेततात.

उचलून धरलेला माल तसूभरही हलता कामा नये, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. कंट्रोल व्हॉल्व्हमधला स्पूल सरकता राहावा म्हणून त्याच्याभोवती अगदी बारीक फट ठेवावीच लागते आणि तिच्यातून थोडं तेल झिरपतंच. त्यामुळे आंतरराष्ट्रीय मानकातही सूट दिलेली आहे: गाडीचं पूर्ण नेमलेलं वजन आणि कामाइतकं तापलेलं तेल असताना पहिल्या १० मिनिटांत १०० मिलिमीटरपर्यंत उतार चालतो. हे तपासायला महागडं उपकरण लागत नाही. पॅलेटच्या कडेला दोरीने ओळंबा बांधायचा, मास्ट सरळ ठेवून माल उचलायचा आणि ओळंब्याचं टोक जमिनीपासून १०० मिलिमीटरवर आलं की लिव्हर सोडून इंजिन बंद करायचं. मग दूर उभं राहून घड्याळ पाहायचं. १० मिनिटांच्या आत ओळंबा जमिनीला टेकला तर गळती मर्यादेबाहेर आहे. नाही टेकला तर किटचे पैसे वाचले.

टेकला, तरी सिलिंडरच दोषी असं ठरत नाही. रॅम प्रकारच्या सिलिंडरमध्ये तेल अडवणारं सील फक्त वरच्या तोंडाशी, ग्लँडमध्ये असतं. ते गेलं तर तेल बाहेर ओघळतं, लपून राहत नाही. रॉड कोरडा असेल आणि माल तरी बसत असेल, तर सिलिंडर उघडून हाती काही लागणार नाही. कंट्रोल व्हॉल्व्हकडे वळायला हवं. पिस्टनवर सील असलेल्या सिलिंडरची गोष्ट वेगळी. अशा बऱ्याच सिलिंडरांत सील ओलांडून वर आलेलं तेल एका बारीक नळीने टाकीत परततं. माल जमिनीपासून वीतभरच उचलून ठेवावा आणि त्या नळीचं टाकीकडचं टोक बाटलीत धरावं. बाटलीत तेल जमू लागलं तरच किट मागवावं.

किट बदलूनही पंधरा दिवसांत पुन्हा गळती लागली तर बहुतेक जण किटच्या दर्जाला दोष देतात. आधी रॉडवरून नख फिरवून पाहा. वेल्डिंगची ठिणगी, पाइप पान्याचा चावा किंवा गंजाचा फोड असेल तिथे नख अडकतं. नखाला जो ओरखडा जाणवतो, तो नव्या सीलला प्रत्येक फेरीत कापत असतो. अशा रॉडला पुन्हा क्रोम चढवावं लागतं किंवा रॉड बदलावा लागतो.

आता चेनकडे येतो. मास्टच्या सर्व्हिसिंगमध्ये सर्वांत जास्त फसगत इथेच होते. फोर्क जमिनीला घासू लागले की पाना घेऊन अँकर बोल्टची नट आवळायची आणि 'चेन ॲडजस्ट केली' असं रजिस्टरमध्ये लिहायचं, ही सर्रास रीत आहे. पण चेन लांबते ती पिना आणि पट्ट्यांची भोकं झिजल्यामुळे. नट आवळल्याने फोर्क वर येतात, झीज जिथल्या तिथे राहते. ॲडजस्टमेंट ही दुरुस्ती नव्हे, आणि बऱ्याचदा दुरुस्तीची गरज तीच झाकून टाकते.

म्हणून पाना लावण्याआधी टेप लावायला हवी. चेनवर ताण येईल एवढं वजन घेऊन, रोलरवरून सतत फिरणाऱ्या भागात २० पिच मोजून, म्हणजे एका पिनेपासून तिच्या पुढच्या विसाव्या पिनेपर्यंत, अंतर घ्यायचं. टोकाशी नको, तिथे झीज जवळजवळ नसतेच. पाऊण इंचाहून थोड्या बारीक, म्हणजे ५/८ इंची पिचच्या चेनमध्ये २० पिचचं नवं अंतर ३१७.५ मिलिमीटर असतं. ते ३२७ झालं की ३ टक्के वाढ झाली, चेन बाद. काही उत्पादक तर २ टक्क्यांवरच बदलायला सांगतात, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहावं. एकूण फरक जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचा. डोळ्यांना तो दिसणं शक्य नाही, आणि वरच्या मालाचं वजन त्याच चेनवर लटकलेलं असतं. बदलताना दोन्ही चेन एकदम बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर भार सारखा वाटला जात नाही.

चेनला ग्रीस थापलं की काळजी मिटली, हाही असाच एक समज. ग्रीसचा थर बाहेर चकचकतो, धूळ धरतो आणि पिनेपर्यंत पोचतच नाही. पट्ट्यांच्या फटींतून आत झिरपेल असं तेल चेनला लागतं. ग्रीस रोलरच्या निपलसाठी ठेवावं.

रोलरचा खेळ काढायला शिम घालतात, ते योग्यच आहे. पण माल रोज ठरावीक उंचीवर उचलला जातो, त्यामुळे चॅनेलही तेवढ्याच पट्ट्यात जास्त घासलेलं असतं. त्या झिजलेल्या जागी माप घेऊन शिम भरल्या तर न झिजलेल्या जागी मास्ट अडकतो. कॅरेज खाली येताना मध्येच थांबतं, चेन सैल पडते, आणि मग अडकलेलं कॅरेज एकदम सुटून आदळतं. शिमचं माप सर्वांत घट्ट जागीच घ्यायचं. आणि सैल पडलेली चेन दिसली तर हात न घालता आधी लिव्हरने मास्ट वर घेऊन ताण आणायचा.

मास्ट वर टोकाला पोचल्यावर एका बाजूला झटका देत असेल, तर दोन्ही सिलिंडर एकाच वेळी थांबत नाहीत. बऱ्याच गाड्यांत रॉडच्या माथ्याशी शिम घालून ते जुळवतात. टिल्टच्या टोकाला पीळ बसत असेल तर दोन्ही टिल्ट सिलिंडरांची लांबी सारखी करावी लागते.

"दोन टन उचलत नाही, रिलीफ व्हॉल्व्ह दोन आटे आवळ" ही सूचना मात्र सरळ धोक्याची आहे. दोन टप्प्यांच्या साध्या मास्टमध्ये सिलिंडर दीड मीटर वर गेला की फोर्क तीन मीटर वर जातात, म्हणजेच सिलिंडरांवर मालाच्या दुप्पट भार येतो. मालाचे दोन टन तिथे चार होतात, शिवाय मास्टचं आणि कॅरेजचं वजन वेगळं. व्हॉल्व्ह आवळल्याने होज, सील, चेन यांची ताकद वाढत नाही, आणि गाडी पुढच्या चाकांवर उलटू नये म्हणून ठरलेली मर्यादाही बदलत नाही. ती मर्यादा प्लेटवर लिहिलेली असते: अमुक वजन, फोर्कच्या उभ्या तोंडापासून ५०० मिलिमीटरवर. लिफ्ट कमी पडत असेल तर तेलाची पातळी, फिल्टर आणि पंप बघा, आणि सेटिंग गेज लावल्याशिवाय करू नका. तेल मोजताना मास्ट पूर्ण खाली हवा. वर असताना सिलिंडरात गेलेलं तेल टाकीत कमी दिसतं. मग कोणी भर घालतो आणि मास्ट खाली येताच तेल ब्रीदरमधून उतू जातं.

शेवटचे दोन समज मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. एक, गळती हाताने चाचपण्याचा. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते; मास्टच्या होजमध्ये दीडशे बार किंवा त्याहून जास्त दाब असू शकतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरतं. वरून नुसता ठिपका दिसतो, आत मात्र बोट सडू लागतं. ही जखम मलमपट्टीची नाही, ताबडतोब शस्त्रक्रियेची आहे; दवाखान्यात 'आत हायड्रॉलिक तेल गेलंय' असं स्पष्ट सांगावं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

दुसरा समज, इंजिन बंद म्हणजे मास्ट लॉक. मास्ट खाली येतो तो वजनाने, त्याला पंप लागतच नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही लिव्हरला धक्का लागला तर कॅरेज खाली येतं. होज फुटल्यास वेग आवरणारा व्हॉल्व्ह असतो, पण खाली वाकलेल्या माणसाला तो वाचवेलच असं नाही. मास्टखाली काम करायचं असेल तर आतल्या आणि बाहेरच्या चॅनेलच्या आडव्या पट्ट्यांमध्ये मजबूत लाकडी ठोकळा बसवा, कॅरेज चेनने बांधा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. ठोकळा मिळेपर्यंत काम थांबलं तरी चालेल.