घराचा पत्ता हवेत : वाय-फायचे नाव आणि कुटुंबाचा खासगीपणा

बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगरचा साखर कारखाना आणि बेलवाडी मागे पडली की लासुर्णे येते. जवळच वालचंदनगर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांनी १९३०च्या दशकात उभारलेली उद्योगनगरी. आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी याच मार्गाने जाते. बेलवाडीचे रिंगण आटोपून वैष्णवांचा मेळा लासुर्णे, अंथुर्णे असा इंदापूरकडे सरकतो. वाटेवरील व्यापारी कुटुंबे पाणी, चहा, फराळ घेऊन उभी राहतात.

या मेळ्यात आता टाळ-मृदंगाबरोबर हजारो मोबाइल फोनही चालत असतात. खिशातील फोन कोणी हातात घेतलेला नसतो, तरी तो भोवतालचे वाय-फाय टिपत असू शकतो. रस्त्यालगतच्या दुकानाचे, त्यामागच्या घराचे आणि माडीवरील अभ्यासाच्या खोलीचे वाय-फाय त्याला ‘ऐकू’ येते. ते ऐकून फोन पुढे काय करतो, हे घरोघरी समजून घेण्याची वेळ आली आहे.

राउटर काय सांगत असतो?

घरातील वाय-फायची पेटी, म्हणजे राउटर, सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली ओळख हवेत पुकारत असतो. त्या पुकाऱ्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली, आपण ठेवलेले वाय-फायचे नाव. दुसरी, त्या पेटीचा बारा अंक-अक्षरांचा क्रमांक. हा क्रमांक जगात सहसा दुसऱ्या पेटीला नसतो. मोटारीच्या चासी क्रमांकासारखाच तो समजावा. पासवर्ड कितीही कठीण असला तरी हा पुकारा उघडाच राहतो. तो उघडा नसेल, तर आपल्याच फोनला घरचे वाय-फाय सापडणार नाही.

रस्त्यावरील फोनमध्ये स्थानसेवा चालू असेल, तर आसपासच्या राउटरांचे क्रमांक आणि त्या क्षणाचे उपग्रहावरून कळलेले ठिकाण यांची जोडी तो कंपनीकडे पाठवू शकतो. अशा असंख्य नोंदींतून गुगल आणि ॲपल यांनी जगभरातील राउटरांची खतावणी तयार केली आहे. अमुक क्रमांक अमुक ठिकाणी, असे तिचे स्वरूप. उपग्रहाचा संकेत इमारतीच्या आत क्षीण होतो. तेथे फोन भोवतालच्या राउटरांचे क्रमांक या खतावणीशी ताडून पाहतो आणि आपण कोठे आहोत हे चटकन सांगतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र ही खतावणी आपल्या घराच्या नोंदीतून उभी राहते आणि ती नोंद करताना घरधन्याला कोणी विचारत नाही.

हा प्रश्न आला कोठून?

रस्त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी गुगलच्या मोटारी अनेक देशांत फिरत होत्या. छायाचित्रांबरोबर त्या वाय-फायच्या नोंदीही घेत. पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडेही गोळा झाले, हे कंपनीने मे २०१० मध्ये मान्य केले. जर्मनीतील माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी चौकशी केल्यानंतर ही गोष्ट उघड झाली. टीका वाढली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये गुगलने राउटरच्या मालकाला खतावणीतून बाहेर राहण्याचा मार्ग दिला.

भारतात ही छायाचित्र-सेवा २०११ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि पोलिसांच्या हरकतीमुळे थांबली. जुलै २०२२ मध्ये भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने ती दहा शहरांत पुन्हा आली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही महाराष्ट्रातील चार शहरे होती. लासुर्ण्यासारख्या गावात अशी मोटार यायची गरजच नाही. ग्राहकाचा, वाहनचालकाचा, वाटसरूचा फोन तेच काम करतो.

धोका कोणाला?

२०२४ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या एरिक राय आणि डेव्ह लेव्हिन या संशोधकांनी ॲपलच्या स्थानसेवेचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका राउटरचे ठिकाण विचारले, तर ही सेवा आसपासच्या ४०० पर्यंत राउटरांची ठिकाणेही परत पाठवीत असे. या मार्गाने त्यांनी सुमारे वर्षभरात दोन अब्जांहून अधिक राउटरांची ठिकाणे मिळवली. कोणत्याही यंत्रणेत शिरकाव न करता, सामान्य माणसाला उपलब्ध असलेल्या मार्गानेच हे साधले. राउटर एका गावाहून दुसऱ्या गावी गेला, तर तेही त्यांना दिसत होते.

खरी काळजी येथे आहे. छळाला कंटाळून एखादी विवाहिता सासर सोडते आणि दुसऱ्या शहरात खोली घेते. काटकसर म्हणून जुना राउटर सोबत नेते. त्या पेटीचा क्रमांक सासरच्या कोणाकडे असेल, तर पत्ता न सांगताही ती सापडू शकते. एखाद्या सराफाने दुकानातील जुनी पेटी राहत्या घरी नेली आणि तिचा क्रमांक काढून टाकलेल्या नोकराला ठाऊक असेल, तरी तोच प्रश्न उभा राहतो.

दुसरी गोष्ट आपल्याच हातची असते. अनेक घरांत वाय-फायचे नाव म्हणून आडनाव, दुकानाचे नाव, मजला किंवा मोबाइल क्रमांक ठेवलेला असतो. दुकानाची पाटी ग्राहकासाठी असते. घराच्या दारावर तिजोरीची दिशा कोणी लिहीत नाही. आडनावासह केलेला पुकारा मात्र रस्त्यावरच्या प्रत्येकाला हे घर कोणाचे ते सांगत राहतो.

येथे एक गैरसमज दूर करावा. या खतावणीमुळे पासवर्ड फुटत नाही, बँकेचा व्यवहार किंवा संदेश कोणी वाचत नाही. प्रश्न आहे तो ठावठिकाण्याचा.

उपाय काय?

मुख्य उपाय सोपा व विनाखर्चाचा आहे. वाय-फायच्या इंग्रजी नावाच्या अगदी शेवटी खालची आडवी रेघ, म्हणजे अंडरस्कोर, आणि तिला लागून एन, ओ, एम, ए, पी ही पाच छोटी अक्षरे लिहावीत. मध्ये जागा सोडू नये व त्यापुढे काही लिहू नये. ‘नकाशात घेऊ नका’ असा या ‘नोमॅप’ खुणेचा अर्थ. गुगल ही खूण पूर्वीपासून पाळते. मार्च २०२४ पासून ॲपलनेही ती मान्य केली आहे. जुनी नोंद त्याच दिवशी पुसली जात नाही. पुढे एखादा फोन नवे नाव कळवील, तेव्हा तिचा परिणाम होतो.

नाव बदलण्यासाठी राउटरच्या मागे चिकटवलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लिहावा आणि वायरलेसच्या पानावर जावे. जमत नसेल तर जोडणी देणाऱ्या केबलवाल्याकडून करून घ्यावे. काही गोष्टी ध्यानात असाव्यात.

नाव ३२ अक्षरांहून मोठे चालत नाही. देवनागरीत ही मर्यादा त्याहून लवकर संपते. पेटी दोन नावे दाखवीत असेल, किंवा पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय असेल, तर प्रत्येक नावाला ही खूण जोडावी. नाव बदलताच बिलाचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे यांची जोडणी तुटते. म्हणून हे काम दुकान वाढवल्यावर करावे व सर्व यंत्रे पुन्हा जोडावीत. त्याच बैठकीत आडनाव व मोबाइल क्रमांक काढून साधे नाव ठेवावे, आणि पेटीचा मूळ प्रशासकीय पासवर्डही बदलावा.

नाव लपवून ठेवणे हा पुरेसा उपाय नाही. नाव दिसेनासे झाले तरी क्रमांकाचा पुकारा चालूच राहतो. ज्यांना आपले नवे ठिकाण कोणाला कळू द्यायचे नाही, त्यांनी जुना राउटर सोबत न नेता नवा घ्यावा.

आपला फोनही इतरांच्या घरांची नोंद घेत असतो, हे विसरू नये. अँड्रॉइड फोनमध्ये स्थानाच्या सेटिंगमध्ये वाय-फाय स्कॅनिंग व स्थानाची अचूकता असे पर्याय असतात. ते बंद करता येतात. मग इमारतीच्या आत ठिकाण थोडे उशिरा किंवा ढोबळ कळेल. ही किंमत मोजायची की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे.

कायद्याची बाजू

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. हक्क कागदावर आला, तरी घराची कडी आतून आपणच लावायची असते.

व्यापारी घराण्यांत खतावणी परक्याच्या हाती न देण्याचा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. ज्या खतावणीत आपले घरच एक नोंद झाले आहे, तिच्याकडेही त्याच दक्षतेने पाहावे. दुकान वाढवल्यावरची दहा मिनिटे त्यासाठी पुरेशी आहेत. हे काम घरातील मुला-मुलींकडे सोपवावे आणि वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून ते समजून घ्यावे.