मुळशी तालुक्यातील विद्यार्थ्यांचा ताण, जीवनशैली आणि आहार

विद्यार्थ्यांमधील ताण, जीवनशैली व आहारसवयी हा सार्वजनिक आरोग्य, पोषणशास्त्र आणि मानसशास्त्र या शाखांशी संबंधित विषय आहे. अभ्यासाचा ताण, अपुरी झोप आणि अवेळी जेवण या गोष्टी एकमेकींना वाढवतात. त्यांचे कारण केवळ विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणात शोधता येत नाही. वेळापत्रक, प्रवास, घरापासूनचे अंतर आणि जवळपास मिळणारे अन्न यांचाही त्यात मोठा वाटा असतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात ग्रामीण शाळा आणि निवासी विद्यापीठे शेजारी-शेजारी असल्याने या विषयाच्या दोन्ही बाजू तेथे दिसतात.

पार्श्वभूमी

मुळशी तालुक्याचे मुख्यालय पौड येथे आहे. तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ व अतिपावसाचा असून भात हे तेथील मुख्य पीक आहे. पूर्वेकडे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान असून तो भाग पुणे शहराला जोडला गेला आहे. पौडजवळील खुबवली येथे १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे निवासी महाविद्यालय चालते. लवळे येथे सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठाचे टेकडीवरील आवार आणि फ्लेम विद्यापीठ आहे. त्यामुळे गावातून रोज प्रवास करणारे आणि घर सोडून वसतिगृहात राहणारे असे दोन प्रकारचे विद्यार्थी येथे आढळतात.

शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या मुलांच्या जेवणाचा प्रश्न जुना आहे. माधुकरी मागणे, आठवड्याच्या प्रत्येक वारी वेगळ्या घरी जेवणे आणि पुढे खाणावळ हे त्याचे टप्पे होत. ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनासाठी १९५५ मध्ये पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन झाली. सिंबायोसिसच्या स्थापनेमागेही अशीच घटना सांगितली जाते. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, काविळीने आजारी असलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून जेवण देताना त्यांनी पाहिले. परक्या ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अडचणींची जाणीव होऊन त्यांनी १९७१ मध्ये ही संस्था सुरू केली.

ताण आणि भूक

अचानक आलेल्या ताणात शरीर सावध होते व भूक मंदावते. परीक्षेच्या सकाळी अनेकांना घास गिळवत नाही तो यामुळेच. ताण दीर्घकाळ टिकला तर कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि गोड, तळलेले पदार्थ खाण्याची इच्छा बळावते. जागरणासाठी घेतलेल्या चहा-कॉफीतील कॅफीन शरीरातून निम्मे कमी होण्यास साधारण पाच तास लागतात, त्यामुळे झोप आणखी लांबते. उशिरा उठल्याने नाश्ता चुकतो, दुपारपर्यंत थकवा येतो आणि तो घालवण्यासाठी पुन्हा चहा-बिस्किटे घेतली जातात. १३ ते १८ वर्षे वयात रोज ८ ते १० तास झोपेची गरज असते.

शालेय विद्यार्थी

शासकीय व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दुपारचे शिजवलेले जेवण मिळते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे नाव आहे. पाचवीपर्यंत ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे तिचे प्रमाण आहे. नववीपासून हे जेवण थांबते. नेमक्या याच काळात शरीराची वाढ चालू असते, दहावीचा अभ्यास वाढतो आणि दूरच्या शाळेसाठी पहाटे घर सोडावे लागते. डबा नसेल तर वडापावसारख्या पदार्थांवर भागवले जाते.

वसतिगृहातील विद्यार्थी

वसतिगृहात मेसच्या ठरलेल्या वेळा आणि अभ्यासाच्या वेळा जुळतातच असे नाही. रात्रीचे जेवण व झोप यांत मोठे अंतर पडल्यास मध्यरात्री नूडल्स, वेफर्स किंवा ऑनलाइन मागवलेले अन्न खाल्ले जाते. घरच्या चवीची आठवण, एकटेपणा आणि खर्चाची चिंता यांचाही जेवणावर परिणाम होतो.

रक्तक्षय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली व ३१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त होते. लोहाच्या कमतरतेमुळे थकवा येतो व लक्ष लागत नाही. ही लक्षणे आळस किंवा अभ्यासाचा ताण समजली जाण्याचा धोका असतो, म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी महत्त्वाची ठरते. जेवणाबरोबर चहा टाळल्यास आणि लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोहाचे शोषण सुधारते. १० ते १९ वयोगटासाठी शाळांतून आठवड्याला लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी देण्याची तरतूद आहे.

उपाययोजना

शाळेच्या आवारात व प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत मेद, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ विकण्यास २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी केली. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत आहाराचा जवळपास अर्धा भाग भाज्या व फळांचा असावा, असे सुचवले आहे. नाचणीची भाकरी, डाळ-भात, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे व ताक या परिचित पदार्थांतून समतोल आहार साधता येतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटे व्यायामाची शिफारस करते.

आहार व व्यायाम हे मानसोपचाराला पर्याय नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील होते व ही संख्या राज्यांत सर्वाधिक होती. सतत झोप न लागणे, जेवण जवळजवळ बंद होणे किंवा अनावर खाणे, मित्रांपासून दूर राहणे आणि जगण्याबद्दल निराशेचे बोलणे ही मदतीची गरज दर्शवणारी लक्षणे आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.